मुकुट आला, सोंड यायचीय!

लोक म्हणतात, नलूला अख्ख्या गल्लीच्या बातम्या असतात. असतातच! पण त्यात माझा काय दोष? माझ्या स्वयंपाकघराची आणि मंदाच्या दुकानाची भिंत एकच, आणि तीही फळ्यांची. पोळ्या लाटता लाटता पलीकडचं सगळं ऐकू येतं. जरा वाकलं की फटीतून दिसतंसुद्धा!

असे किस्से काही कुणी मुद्दाम साठवत नाही. माळ्यावर विसरलेल्या कांद्यांसारखे ते आपोआप कोंब धरतात. एक उचलायला जावं तर दुसरा त्याला चिकटून खाली येतो. आता माझी सातवीपर्यंतची शाळा, लिहायची सवय वाण्याच्या यादीपुरती. पण जव्हारात इंटरनेट कसं आलं हे कुणी विचारलं, तर आमच्या गल्लीत माझ्याइतकं जवळून पाहिलेलं माणूस दुसरं नाही. म्हणून लिहायला बसले.

मंदा म्हणजे माझी शेजारीण. मला काकू म्हणायची. लहानपणापासून डावा पाय अधू, पण जिभेला आणि डोक्याला जबरदस्त पळ. तिचा एस.टी.डी. बूथ होता. पिवळा बोर्ड, काचेची खोली, आत लाल फोन. जागा मात्र वडिलांच्या मागे भावाच्या नावावर झालेली. भाऊ दिलीप, एका कचेरीत क्लार्क. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीला आधी 'कशाला?' म्हणणार!

नव्वदची वर्षं संपत आली तसा बूथ थंड पडायला लागला. मंदाने नाशिकला बहिणीकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि परत आल्या आल्या जाहीर केलं, "दादा, मी दुकानात इंटरनेट लावणार."

दिलीपभाऊ म्हणाले, "कशाला?"

*

पहिला किस्सा कॉम्प्युटर आणण्याचा. जुनाच घेतला होता, नाशिकहून. टेम्पो करण्याइतकी ऐपत नव्हती, म्हणून मंदाने तो चक्क एस.टी.ने आणला. सोबतीला मी. बाकीचे खोके सीटखाली आणि टीव्हीसारखा तो मोठा डबा गोधडीत गुंडाळून मंदाच्या मांडीवर.

कंडक्टर आला. गोधडीकडे बघून त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "किती महिन्यांचं आहे?"

मंदाने गोधडीचं टोक बाजूला केलं. आतून काच चमकली. कंडक्टर दचकला!

"हे काय? टीव्ही?"

"कॉम्प्युटर आहे."

आता याला तिकीट कुठलं लावायचं, यावर गाडीत चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला टीव्हीचं, एक म्हणाला टाइपरायटरचं. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, ते मशीन माणसासारखं हिशोब करतं म्हणे!" कंडक्टरने पेन्सिल कानामागे खोचली.

"ताई, हे आत्ता चालू आहे का?"

"नाही."

"मग सामान. चालू असतं तर फुल तिकीट फाडलं असतं!"

घाटाची वळणं आली तशी अख्खी गाडी त्या डब्याकडे बघत होती. मोखाड्याला उतरणारी एक बाई उठली, पुढे जाऊन ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, जरा सबुरीनं. आत जव्हारचा कॉम्प्युटर आहे." बघा, अजून उतरला नव्हता, तोवर तो सगळ्या गावाचा झाला होता!

*

मग उद्घाटन. मंदाने ठरवलं, पहिलं चित्र उघडायचं ते गणपतीचं. दुकानासमोर खुर्च्या मांडल्या, मी पोहे केले. दिलीपभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले. त्यांच्या शेजारी कापडवाले शेठ. त्या शेठना ती जागा केव्हापासून हवी होती, साड्यांच्या दुकानासाठी.

मंदाने बटण दाबलं. आतून असा काही आवाज आला की विचारू नका! आधी किर्र, मग घूं, मग पत्र्यावर खिळा घासल्यासारखं. माझ्या सासूबाई घरातून ओरडल्या, "नले, मांजर कशात अडकलंय बघ गं!"

"मांजर नाही आजी, फोन लागतोय," मंदा पलीकडून म्हणाली.

लागला! आणि चित्र वरून खाली यायला लागलं. एकेक रेघ. आधी नुसता पिवळा रंग, मग एक टोक, मग त्याला खडे.

"मुकुट आला! मुकुट आला!" बायकांनी हात जोडले.

चहा झाला. पोहे झाले. कपाळ यायला लागलं. गंधाचा वरचा ठिपका दिसला आणि... फट्! लाईन गेली. गणपती तिथेच थांबला.

कापडवाले शेठ हळूच हसले. दिलीपभाऊंचा चेहरा पडला. "अगं, निदान सोंडेपर्यंत तरी येऊ द्यायचं!"

दुसरी असती तर रडली असती. मंदा खुर्ची वळवून म्हणाली, "दादा, परदेशात पहिल्यांदा दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडले ना, मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी, तेव्हा त्यांनी एक शब्द पाठवायला घेतला होता. दोन अक्षरं गेली आणि सगळं बंद पडलं! इंटरनेटचा जन्मच तसा झाला, आमच्या सरांनी शिकवलंय. त्यांची दोन अक्षरं आली. आपल्या जव्हारात तर अख्खा मुकुट आला!"

टाळ्या पडल्या. मी तर उरलेल्या पोह्यांची प्लेट शेठच्या हातात ठेवून सर्वांत जोरात वाजवल्या!

पण जाता जाता दिलीपभाऊ म्हणालेच, "दिवाळीपर्यंत बघतो, मंदे. नाही चाललं तर जागा शेठना. मी शब्द दिलाय."

मंदाने रिकाम्या प्लेटा गोळा केल्या. सगळे गेल्यावर मात्र फळीपलीकडून तिचा आवाज आला, "काकू, दिवाळी कधी आहे हो या वर्षी?"

*

आता त्या काळात नेट लावायचं म्हणजे फोनची लाईन अडायची. आणि मंदाचा फोन म्हणजे अख्ख्या गल्लीचा पी.पी. नंबर. कुणाची सून माहेरी, कुणाचा जावई ठाण्याला, सगळ्यांचे फोन तिच्याकडे. तिने हाक मारायची आणि आपण पदर खोचून धावायचं. नेट आलं आणि फोन सदा एंगेज! गल्लीत कुरबुर सुरू झाली.

मंदाने तोड काढली. "फोन लागत नसेल तर ई-मेल करायला सांगा. माझ्याच पत्त्यावर."

झालं! फोन पी.पी., तसा ई-मेलही पी.पी.! नोकरीच्या अर्जावर पोरं बिनदिक्कत मंदाचा पत्ता लिहून पुढे कंसात 'पी.पी.' टाकायची. पत्र आलं की मंदा दारात येऊन हाक मारणार, "ए सुनील, तुझा मेल आलाय!" सुनील घरी नसला की मी ऐकून ठेवायची. उगाच नाही, जबाबदारी म्हणून!

एकदा पुण्याच्या एका कंपनीने मंदालाच मेल पाठवला. आमच्याकडे या गावातून नऊ उमेदवारांचे अर्ज आलेत, नऊही जणांचा पत्ता एकच. आपलं कुटुंब किती मोठं आहे?

मंदाने उत्तर लिहिलं, "गल्लीएवढं."

*

ई-मेलच्या पत्त्यावरून आठवले कदमकाका. रिटायर पोस्टमन. जव्हार ते सूर्यमाळ, कुठल्या पाड्यावर कुणाचं झोपडं कुठं, ते डोळे मिटून सांगतील. त्यांची लेक बडोद्याला. तिला मेल करायला ते आले, तिचा पत्ता कागदावर घेऊन. मंदाने तो टाइप केला तसे काका खुर्ची ओढून पुढे सरकले.

"हे मधलं गोल काय?"

"त्याला ॲट म्हणतात, काका."

"ॲट? आणि पुढं?"

"पुढं कंपनीचं नाव. बस, झाला पत्ता."

काका ताडकन उठले. "झाला कसा? ॲट लिहिलंस आणि पोस्ट कुठाय? ॲट पोस्ट अमुक, तालुका तमुक, जिल्हा ढमुक! आयुष्य गेलं माझं यात, मला शिकवू नकोस."

मंदाने खूप समजावलं. काका ऐकेनात. शेवटी म्हणाली, "बरं, तुम्ही म्हणता तसा पाठवू." आणि ॲटच्या पुढे पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं घालून दिला पाठवून. दोन मिनिटांत पत्र परत! पत्ता सापडत नाही म्हणून.

मला वाटलं, आता म्हातारा खजील होणार. मी फटीला डोळाच लावला. पण काकांचं तोंड असं खुललं!

"दोन मिनिटांत जाऊन परत? आमच्या वेळी न सापडलेलं पत्र परत यायला महिना जायचा. मंदे, ह्यांचा पोस्टमन जोरात पळतो गं!"

त्या दिवसापासून काका रोज यायचे. बसस्टँडवर बसून लोकांना सांगायचे, "मेल करा. खात्रीचं खातं आहे. माणूस सापडला नाही तर पत्र फेकून देत नाहीत, परत आणून देतात!" मंदाची निम्मी जाहिरात काकांनी केली. तीही फुकट.

*

सूर्यमाळहून एक गृहस्थ यायचे, काशिनाथदादा. त्यांना कसलासा अर्जाचा नमुना हवा होता. मंदा म्हणाली, "दादा, बसा. नेटवरनं उतरवायला वेळ लागतो."

"उतरवायला?" काशिनाथदादांनी टोपी सारखी केली. "आमच्याकडं भगत उतरवतो. काय बाय लागलं असंल तं."

"तसंच समजा."

"मग आमच्या भगताला कोंबडा लागतो. तुमच्याला काय लागतं?"

"आम्हाला वीज लागते."

तेवढ्यात वीज गेली! पंखा फिरत फिरत थांबला. काशिनाथदादा शांतपणे उठले, छत्री काखेत मारली.

"ताई, कोंबडाच बरा. तो निदान वेळेवर मिळतो!"

*

विजेचं दुखणं आमच्या घरीही होतं. आमच्या ह्यांची समोरच पिठाची गिरणी. गिरणीची मोटर सुरू झाली की मंदाच्या कॉम्प्युटरचा जीव जायचा. मग आम्ही एक पद्धत पाडली. कुणाचा निकाल, कुणाची यादी असं महत्त्वाचं काही उतरत असलं की मंदा फळीवर टकटक करणार. मी ओट्यावर येऊन ओरडणार, "अहो, थांबवा! नेट उतरतंय!" आणि हे गिरणी बंद करणार.

एकदा बाजारच्या दिवशी गिरणीवर ही रांग! खोडाळ्याहून, जामसरहून बायका नाचणीच्या पाट्या घेऊन बसलेल्या. टकटक झाली. मी ओरडले. गिरणी बंद.

"काय झालं गं बाय?" एकीने विचारलं.

"एका पोराचा बारावीचा निकाल येतोय."

"मग येऊ दे की. नाचणी कुठं पळून चाललीय!"

एकही बाई कुरकुरली नाही. उलट सगळ्या पाट्या तिथेच ठेवून मंदाच्या दारात. पोरगा कोण, कुणाचा, काही माहीत नाही. पण सगळ्यांचे डोळे पडद्यावर. कुणी देवाचं नाव घेतंय, कुणी त्याची पाठ चोळतंय. बराच वेळ गेला आणि पान उघडलं.

नापास!

बायकांनी तोंडाला पदर लावले. तोच समोरून आमचे हे ओरडले, "अरे, नापासच व्हायचं होतं तर माझी गिरणी कशाला बंद केलीस रे!"

पोरगा रडता रडता हसायला लागला. एका आजींनी त्याला पाटीतलं काकडी-चिबूड काय असेल ते दिलं आणि बजावलं, "पुढच्या टायमाला ये. परत थांबू आम्ही."

तो आला पुढच्या खेपेला. गिरणी थांबली. पास झाला!

*

हा किस्सा मी फारसा कुणाला सांगत नाही, पण आज सांगते. खोडाळ्याच्या यमुनाबाई. मुलगा बोटीवर नोकरीला, कुठल्या समुद्रात ते तिलाही ठाऊक नाही. त्याने कुणाकडून तरी निरोप धाडला, अमक्या दिवशी दुपारी मंदाताईकडे येऊन बस. पहिल्या गाडीने आली बाई. फडक्यात भाकरी बांधलेली, पण सोडेचना. पोरगा कधी बोलेल म्हणून काचेकडे टक लावून.

दुपारी एकदाचं चॅटिंग सुरू झालं. मंदा वाचून दाखवायची.

"विचारतोय, आई, आलीस का?"

यमुनाबाई त्या डब्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "आलूं रे!"

"मावशी, ओरडू नका, मी लिहिते."

"लिव. आलूं म्हणून लिव."

मंदाने लिहिलं. थोडा वेळ गेला. परत अक्षरं उमटली. मंदाने वाचलं, "विचारतोय, जेवलीस का?"

यमुनाबाईने पदर सावरला. फडकं सोडलं. भाकरी काढली, वर मिरचीचा ठेचा. आणि त्या काचेसमोर बसून, सावकाश, एकेक घास चावून खाल्ली. मंदा थांबली. मागे रांग होती, ती थांबली. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले ती तिथेच उभी राहिले.

शेवटचा तुकडा तोंडात टाकून बाईने हात पुसला आणि म्हणाली, "आता लिव. जेवलूं म्हण. खोटं नको लिवाया."

*

असं दुकान चाललं होतं. पण 'चाललं' म्हणजे काय, ते दिलीपभाऊंना कोण समजावणार? ते संध्याकाळी कचेरीतून येताना बघायचे ते रिकामी खुर्ची, गेलेली वीज आणि तुटलेली लाईन. शेठ दर चार दिवसांनी आठवण करून द्यायचे. दिवाळी तोंडावर आली. मंदा तोंडाने हसायची, पण फळीपलीकडून उसासे ऐकू यायचे. "काकू, शेठ इथं साड्या विकणार. मग मी काय त्यांच्या काउंटरवर बसून घड्या घालू?"

आणि नेमकी त्याच आठवड्यात फोनची वायर दगा द्यायला लागली. ती माझ्या ओट्यावरच्या खांबावरून मंदाच्या खिडकीत जायची. तिथला सांधा ढिला झाला. तक्रार दिली होती, माणूस यायचा होता. तोवर वायर जरा वर उचलून धरली की लाईन राहायची, सोडली की गेली! दोरीने बांधून पाहिली, कपड्यांचा चिमटा लावून पाहिला. नाही! तिला माणसाचाच हात लागायचा. मग ज्याचं काम, त्याच्या घरच्याने वायर धरायची, असा रिवाजच पडला.

बाजारचा दिवस होता. नर्सच्या ट्रेनिंगची यादी नेटवर लागणार होती. आमच्या आणि मोखाड्याच्या डोंगरातल्या कितीतरी पोरींनी अर्ज केलेले. मंदाच्या दारात पोरीच पोरी. सोबत आया, बाप, एक-दोन मास्तर. गिरणी सकाळपासून बंद ठेवलेली. ओट्यावर जामसरचे एक म्हातारेसे गृहस्थ हात वर करून वायर धरून उभे. त्यांची लेक सविता आत मंदाच्या खांद्याशी.

आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी दिसले दिलीपभाऊ. बरोबर कापडवाले शेठ. शेठच्या हातात माप घ्यायची टेप!

 आत मंदाला सांगावं तर ती पडद्यावरून नजर काढेना. पान अर्धं उघडलं होतं. नावं एकेक करून वर सरकत होती.

दोघे ओट्याशी आले. गर्दीमुळे पुढे जाता येईना. शेठ म्हणाले, "जरा वाट द्या, माप घ्यायचंय." कुणी हललं नाही.

तेवढ्यात जामसरचे ते गृहस्थ दिलीपभाऊंकडे वळले. समोरचा कोण, काय, त्यांना काही माहीत नाही. पांढरा शर्ट, खिशाला पेन, एवढंच दिसलं असेल.

"साहेब, जरा हे धरता का? माझा हात भरून आलाय. पोरीचं नाव यायचंय अजून."

दिलीपभाऊ सवयीने म्हणाले, "कशाला?"

"सोडलं की जातं ओ सगळं."

आणि त्यांनी दिली की हो वायर दिलीपभाऊंच्या हातात! आता काय करणार? धरली. आतून मंदाचा आवाज आला, "काका, हात हलवू नका हं! स पर्यंत आलंय!"

"हलवत नाहीये!" दिलीपभाऊ ओरडले.

आत मंदाची मान एकदा दाराकडे वळली. आवाज ओळखला असणार. पण लगेच ती पडद्याकडे फिरली. बोलायची वेळच नव्हती.

मग सविताची किंकाळी! "आलं! बाबा, आलं माझं नाव!" म्हातारा आत धावला. बायका रडायला लागल्या, मास्तर टाळ्या वाजवायला लागले, आमच्या ह्यांनी समोरून गिरणीतला पत्र्याचा डबा बडवला. दिलीपभाऊ हात वर करून तसेच उभे. घाम कानामागून शर्टात उतरत होता. समोर दुसरी एक पोर येऊन उभी राहिली, नाकात चमकी, हातात चुरगळलेला नंबर.

"साहेब, तसंच धरा हां. माझं सुनंदा हाय. त्या पानावर अजून खाली हाय."

शेठनी टेपचं टोक बाहेर ओढलं. "चला दिलीपभाऊ, द्या ते दुसऱ्या कुणाला. दाराच्या उंचीपासून सुरुवात करू."

दिलीपभाऊंनी मान वळवली नाही. डोळे त्या सांध्यावर.

"शेठ," ते दबक्या आवाजात म्हणाले, "जरा लांब उभे राहा हो. लाईन तुटेल!"